पोटाचा कडकपणा मोजला तर मसाजचा गुण कळेल का?

मापाडी_अंबड

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर नीट हवंय म्हणून सविस्तर लिहितो.

आई ८१ वर्षांची. गेल्या दिवाळीआधी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून खोलीतून संडासापर्यंत, एवढीच चाल. तेव्हापासून कोठा म्हणून साफ होत नाही. तीन-तीन दिवस, कधी चार. होतं तेव्हा खडे, आणि कुंथून कुंथून बिचारी घामाघूम. इसबगोल चालू आहे, रात्री एक पातळ औषध आहे. महिन्यापूर्वी घरी येणाऱ्या फिजिओताईंनी पोटाचा मसाज शिकवला. रोज सकाळी चहानंतर मीच करतो. कोमट तिळाचं तेल, उजवीकडून वर, बरगड्यांखालून आडवं, डावीकडून खाली. पंधरा मिनिटं.

मसाज संपला की पोट मऊ लागतं, असं माझ्या हाताला वाटतं. बायकोने हात लावला तर तिला काही फरक वाटत नाही. दोन हात, दोन निकाल. मी अंबडला ऑइल सील बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला ३१ वर्षं काढली. रबर अंगठ्याने दाबून 'ठीक वाटतंय' म्हणत एकही लॉट सोडला नाही. रबराचा कडकपणा मोजणारा शोअर मीटर लावायचा, आकडा लिहायचा, मग सही. आईच्या पोटाच्या बाबतीत मात्र 'वाटतंय'वर थांबायचं, हे मनाला पटत नाही.

तर विचारायचं असं की पोटाचा कडकपणा मोजता येतो का? आणि तो कमी झाला म्हणजे मसाज लागू पडला असं धरायचं का?

चिवडा_मेनरोड

काळे मनुके रात्री भिजत घालायचे, सकाळी पाण्यासकट. नाशिककराने मीटर शोधावा? औषध आपल्याकडे किलोवर मिळतं. :)

सुनंदा_इंदिरानगर

चिवडा, मनुके आमच्याकडेही रोज असतात, पण साखर असेल तर मोजूनच. मापाडी, आईंना डायबिटीस आहे का? आणि पाणी किती पितात? इसबगोल कमी पाण्यात दिलं तर आत जाऊन लगदा होऊन बसतं, माझ्या सासूबाईंचं तसंच झालं होतं.

मापाडी_अंबड

साखर नाही. मनुके दहा-बारा चालू आहेत. पाणी कमी पिते हे खरं. रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळनंतर तांब्याला हातच लावत नाही.

टर्नर_सातपूर

मापाडीसाहेब, आधी हात जोडून सांगतो, शोअर ए मीटर आईंच्या पोटाला लावू नका. त्याची पिन टोकाला ०.७९ मिमी आणि आत जाणार जास्तीत जास्त २.५ मिमी. तुमचं ७० शोअरचं नायट्राइल रबर वरपासून खालपर्यंत एकाच मालाचं असतं, म्हणून तिथे ते चालतं. पोट म्हणजे कातडी, चरबी, स्नायू, आणि मग कुठे आतडी, त्यात वायू आणि मळ. अडीच मिलिमीटरमध्ये तुम्ही कातडी आणि चरबी मोजून परत याल. शिवाय म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी, पिन रुतेल.

मोजायचंच असेल तर रुंद, गोलवलेल्या टोकाचा दांडा आणि ठरलेलं वजन घ्या. २० मिमी व्यासाचा नायलॉनचा दांडा, त्याला बाहेरून हलका बुश, म्हणजे दांडा ज्यात सरकतो ती नळी, तो बुश कातडीवर टेकेल. दांड्यावर ३०० ग्रॅम. बुशच्या तळापासून दांडा किती खाली उतरला ते व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने वाचायचं. जास्त खाली गेला म्हणजे पोट मऊ. वजन ठरलेलं असलं की हाताचा जोर मध्ये येत नाही. लेथ आहे माझ्याकडे, रविवारी काढून देतो.

गोदाकाठ

मला हे जरा जास्तच वाटतंय. मुलगा रोज सकाळी आईच्या पोटाला तेल लावतोय, तिला बरं वाटतंय, त्यात व्हर्नियर कशाला? आमच्या आजीने आम्हा सगळ्या नातवंडांची पोटं हिंग लावून चोळली, तिने कुठे आकडे लिहिले?

मापाडी_अंबड

गोदाकाठ, तुमचं म्हणणं समजतंय. पण नातवंडाचं पोट दुपारपर्यंत बरं होतं आणि ते खेळायला पळतं. इथे पाच महिने झालेत. मसाजचा उपयोग नसेल आणि मी त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जायचं लांबवत असेन, तर नुकसान आईचं आहे. म्हणून मोजायचंय.

फिजिओ_कॉलेजरोड

मापाडी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते महत्त्वाचं आहे. पोट मऊ झालं म्हणजे मसाज लागू पडला, असं धरू नका.

हाताला जो कडकपणा लागतो त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: पोटाच्या स्नायूंनी धरलेला ताण, आतला वायू, आणि मळ. पेशंट उताणा, गुडघे सरळ, खोली थंड, आणि मी गार हात लावला की पोट लगेच फळीसारखं होतं. त्याच माणसाच्या गुडघ्याखाली उशी द्या, हात चोळून गरम करा, चार श्वास जाऊ द्या, ते सैल पडतं. मळ जागचा हललेलाही नसतो. मसाजनंतर पंधरा मिनिटांत जे बदलतं, त्यात स्नायूंचा वाटा मोठा.

मसाजचा उपयोग होतो का, हे लोकांनी तपासलंय. स्वीडनमध्ये ६० जणांवर आठ आठवडे पाहिलं होतं, २००९ साली ते छापून आलं. मसाजवाल्यांचा त्रास कमी झाला, शौचाच्या वेळा वाढल्या, पण कोठा साफ व्हायची औषधं मात्र कमी झाली नाहीत. नंतर ब्रिटनमध्ये १२ हॉस्पिटलांत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या १९१ पेशंटवर 'अँबर' नावाची चाचणी झाली, तिचा अहवाल २०१८ चा. पेशंटला किंवा घरच्यांना मसाज शिकवला, सहा आठवडे करायला सांगितलं. आतड्याच्या त्रासाचा जो मुख्य गुणांक होता, त्यात ठामपणे सांगावा असा फरक निघाला नाही. आठवड्यातल्या शौचाच्या वेळा थोड्या वाढल्या. म्हणजे मसाज हा औषधाच्या जोडीला ठेवायचा, औषधाच्या जागी नाही. पण घरच्या माणसाला शिकता येतो, खर्च नाही, आणि नीट केला तर अपाय नाही, म्हणून मी आजही शिकवते.

हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली असेल, आतड्यात अडथळ्याची शंका असेल, तर मात्र हात लावायचा नाही.

निफाडकर

आमच्याकडं थंडीत हे प्रकरण घरोघर. द्राक्षाचा सीझन, पहाटे चारला पाणी द्यायला उठायचं, निफाडची थंडी हाडात शिरती, पाणी प्यायची इच्छाच होत नाही. वडिलांना दरवर्षी पौषात त्रास व्हायचा. म्हातारपणी गुडघ्यासाठी कमोड बसवला तर आणखीच बिघडलं, जन्मभर उकिडवं बसलेला माणूस. मग मी बागेत क्रेटवर चढायला असतो तसला लाकडी पाट कमोडपुढं ठेवला, वीतभर उंच. पाय त्यावर, कोपर गुडघ्यावर. चार दिवसांत वडील म्हणाले, हे आधी का नाही सुचलं तुला.

फिजिओ_कॉलेजरोड

निफाडकर, अगदी योग्य केलंत. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा असतो, तो मार्ग वाकडा धरून ठेवतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. मापाडी, खुब्याच्या ऑपरेशननंतर गुडघा किती वर घ्यायचा याला मर्यादा असते, तेव्हा पाटाची उंची सर्जनला विचारून ठरवा.

वैद्य_पंचवटी

या धाग्यावर कुणीतरी 'क्रूर कोष्ठ' हा शब्द आणणारच, म्हणून आधीच खुलासा करतो. माझ्याकडे लोक येऊन सांगतात, 'वैद्यबुवा, माझा कोठा क्रूर आहे, बघा पोट किती कडक लागतं.' मृदू, मध्यम आणि क्रूर हे भेद हाताला लागणाऱ्या कडकपणाचे नाहीत. रेचक दिल्यावर कोठा किती सहज उत्तर देतो, त्यावरून ते ठरतात. दुधानेही ज्याचा कोठा हलतो तो मृदू. तीव्र औषधालाही जो दाद देत नाही तो क्रूर, आणि तिथे वाताचं प्राबल्य.

आयुर्वेदात रोगी तपासायच्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती अशी आठ स्थानं आहेत. मल वेगळा, स्पर्श वेगळा. हात पोटावर ठेवून मलाचं अनुमान करून मोकळं व्हावं, असं आमच्याकडेही सांगितलेलं नाही. मापाडी, यंत्र अवश्य करा, पण शौचाची नोंद त्याच्या शेजारच्या रकान्यात असू द्या.

रेडिओ_गंगापूररोड

इमेजिंगमध्ये काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. ऊतींचा कडकपणा मोजायची खरी यंत्रं आहेत. यकृतासाठी इलास्टोग्राफी करतात: बरगड्यांमधून हलकी कंपनलहर सोडायची, ती किती वेगाने पुढे जाते ते अल्ट्रासाऊंडने बघायचं. कडक ऊतीत लहर वेगाने धावते, आकडा किलोपास्कलमध्ये येतो. यकृत हा एक सलग गोळा आहे म्हणून ते जमतं. आतड्यात वायू असतो आणि वायूपुढे अल्ट्रासाऊंड आंधळा. दुसरं एक हातात धरायचं यंत्र एस्टोनियात बनतं, मायोटॉन. ते कातडीवर १५ मिलिसेकंदांचा हलका टोला देतं आणि ऊती कशी थरथरते त्यावरून ताठरपणा काढतं. स्नायूंसाठी चांगलं, पण तेही वरवरच्या थरांचंच सांगतं.

आतडं खरंच मंद आहे का हे बघायचं असेल तर सोपा मार्ग जुना आहे. एक्स-रेत दिसणाऱ्या २४ बारीक रिंगा असलेली कॅप्सूल गिळायची, पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढायचा. पाचाहून जास्त रिंगा शिल्लक राहून सगळीकडे विखुरलेल्या असतील तर आतडं मंद. खाली एकाच जागी गोळा झाल्या असतील तर दाराशी अडलंय, असा अंदाज बांधतात. तिथे मसाजचं काम वेगळं होतं.

सिस्टर_नाशिकरोड

बावीस वर्षं मेडिकल वॉर्डात काढली, त्यातलं एक सांगते. एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, घरच्यांनी आणलं ते 'जुलाब लागलेत' म्हणून. पोटाला हात लावला तर मऊ, कुणी म्हणालं नसतं बद्धकोष्ठ आहे. जुलाब थांबायची गोळी घरूनच चालू केलेली. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तेव्हा खाली गुदाशयात मळाचा दगडासारखा गोळा. त्याच्या कडेने पातळ झिरपत होतं, त्यालाच घरचे जुलाब समजत होते. एनिमा, हाताने काढणं, सगळं करावं लागलं, दोन दिवस गेले. त्या आजोबांच्या पोटाला तुमचा दांडा लावला असता तर आकडा उत्तम आला असता.

म्हणून वही ठेवा. तारीख, वेळ, कुंथावं लागलं का, झाल्यावर पोट मोकळं वाटलं का, आणि मळाचा प्रकार. ब्रिस्टल तक्ता नेटवर मराठीतही मिळेल, १९९७ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केलेला, सात चित्रं आहेत. सुटे खडे म्हणजे एक, खडे एकत्र चिकटलेले म्हणजे दोन, ही दोन बद्धकोष्ठाची. तीन-चार वर आलात की समाधान. घरातल्या कुणालाही चित्र बघून बोट ठेवता येतं.

आणखी एक विचारते. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी कुठली गोळी चालू आहे? आणि लोह, कॅल्शियम?

मापाडी_अंबड

सिस्टर, कॅल्शियम रोज आहे. लोह आहे. दुखण्याची गोळी ट्रॅमाडॉलची, दोन वेळा. डिस्चार्जच्या कागदावर होती तीच अजून चालू आहे.

सिस्टर_नाशिकरोड

पाच महिने ट्रॅमाडॉल, वर लोह, वर कॅल्शियम. तिन्ही कोठा बांधणारी. स्वतः बंद करू नका, ट्रॅमाडॉल एकदम सोडलं तर वेगळा त्रास होतो. पण या आठवड्यात डॉक्टरांना कागद दाखवाच. एवढ्यात शौचातून रक्त गेलं, वजन उतरलं, किंवा उलटी होऊन वायूही सरायचा थांबला तर मात्र थांबू नका.

गोदाकाठ

मी माझा आधीचा प्रतिसाद मागे घेते. वही हवीच.

चिवडा_मेनरोड

धागा वाचनखूणेत टाकला. आमच्या दुकानात वडील दिवसभर गादीवर बसून असतात, त्यांच्यासाठी.

मापाडी_अंबड (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, पण एकवीस दिवसांच्या नोंदी हातात घेऊनच लिहायचं होतं.

टर्नर यांनी यंत्र सुंदर काढून दिलं. दांडा बुशमध्ये तेलाशिवाय सरकतो आणि टोकाला हात लावला तर कुठेही कड लागत नाही. जागा ठरवली: बेंबी आणि डाव्या कमरेचं वर आलेलं हाड यांच्या मधोमध, बॉलपेनने ठिपका. आई उताणी, गुडघ्याखाली लोड, श्वास सोडून झाला की माप. प्रत्येक वेळी तीन मापं, मधलं धरायचं. एक दिवस मी, एक दिवस बायको, आणि एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत.

पहिली गोष्ट, तीन मापांतच कधी कधी एक मिलिमीटरचा फरक येतो. माझ्या आणि बायकोच्या मापात दीडपर्यंत. कारखान्यात असा गेज मी परत पाठवला असता, पण पोट हे पोट आहे, श्वासाबरोबर हलतं.

दुसरी गोष्ट, मसाजआधी दांडा साधारण १३ मिमी उतरायचा, मसाजनंतर १६. मला फार आनंद झाला. मग इथल्या कॉलेजरोडच्या फिजिओताईंचं वाक्य आठवलं, म्हणून एक दिवसाआड मसाज न करता नुसता कोमट हात पंधरा मिनिटं पोटावर ठेवला. दाब नाही, फिरवणं नाही. आई डोळे मिटून पडून राहायची. त्या दिवशीही १३ वरून साडेपंधरा. म्हणजे फरक राहिला अर्ध्या मिलिमीटरचा, आणि माझ्या गेजची चूकच त्याहून मोठी.

तिसरी गोष्ट सकाळच्या पहिल्या मापाची. चार दिवस कोठा झाला नव्हता तेव्हा दांडा ११ वर अडला. दुसऱ्या दिवशी चांगलं झालं, त्यानंतर १४. असं दोनदाच घडलं, त्यामुळे त्यावर इमारत बांधत नाही.

डॉक्टरांना दहाव्या दिवशी कागद दाखवला. त्यांनी ट्रॅमाडॉल टप्प्याटप्प्याने काढून साधं पॅरासिटामॉल दिलं, रात्रीचं औषध बदललं, लोह रक्त तपासून थांबवलं. बाराव्या दिवसापासून वहीत 'एक', 'दोन'च्या जागी 'तीन' यायला लागले. परवा 'चार'. आता दिवसाआड होतं आणि घाम फुटत नाही. सर्जनना विचारून कमोडपुढे चार इंची पाट ठेवला, तोही त्याच आठवड्यात. निफाडकर, तुमचे आभार.

टर्नर_सातपूर

गेज परत पाठवू नका, सांभाळून ठेवा. :) पण तुमच्या पद्धतीत एक खोट आहे, बोलून टाकतो. एक दिवसाआड मसाज केलात, म्हणजे आजच्या मसाजचा परिणाम उद्याच्या 'नुसता हात'च्या दिवशी दिसणार. लगेचच्या मापासाठी ते चालेल, शौचाच्या नोंदीसाठी नाही. त्याला दोन-दोन आठवड्यांचे सलग टप्पे हवेत. आणि मध्येच गोळ्या बदलल्या, पाट आला, म्हणजे गुण कशाचा ते या वहीतून निघत नाही.

मापाडी_अंबड

मान्य. शंभर टक्के. मलाही तेच दिसतंय की मसाजबद्दल या वहीतून ठाम काही सांगता येत नाही. गोळ्या आता स्थिर झाल्यात, म्हणून ठरवलं होतं की दोन आठवडे मसाज बंद, मग दोन आठवडे चालू. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, 'मोजायचं तेवढं मोज बाबा, पण सकाळचं चोळणं बंद करू नकोस. दिवसभरात तेवढाच वेळ तू बसतोस माझ्यापाशी.'

तेव्हा बंदचा टप्पा रद्द. दोन आठवडे मसाज, दोन आठवडे नुसता तेलाचा हात ठेवून बसायचं, अशी विभागणी तिला चालणार आहे. नोंद फक्त वहीत, यंत्र आठवड्यातून एकदा.

फिजिओ_कॉलेजरोड

हे तर जास्त चांगलं झालं. मसाज विरुद्ध काहीच नाही अशा तुलनेत जवळ बसण्याचा परिणामही मसाजच्या नावावर जमा होतो. तुमच्या तुलनेत दोन्हीकडे माणूस जवळ आहे, तेल आहे, वेळ तेवढाच आहे, फरक फक्त हात फिरवण्याचा. वेळ मात्र बदलू नका, चहा-नाश्त्यानंतरचीच ठेवा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, सकाळी जास्तच.

सिस्टर_नाशिकरोड

मापाडी, पाण्याचं काय केलंत?

मापाडी_अंबड

सिस्टर, दुपारी चारच्या आत पाच भांडी संपवायची असं ठरलंय, संध्याकाळनंतर आग्रह नाही. नात शाळेतून आली की मोजते. रात्रीचं उठणं वाढलं नाही.

निफाडकर

मला बी एक यंत्र पाहिजे. चुलत्यांना त्रास आहे. मोजताना काय सांभाळायचं तेवढं सांगा.

मापाडी_अंबड

निफाडकर, टर्नरना निरोप करा, ड्रॉइंग त्यांच्याकडे आहे. चुलत्यांना हर्निया नाही ना ते आधी डॉक्टरांकडून बघून घ्या. जेवणानंतर दोन तास मोजायचं नाही, ठिपका रोज गडद करायचा, आणि मोजण्याआधी लघवीला जाऊन यायला सांगायचं. भरलेल्या मूत्राशयाने खालचं पोट ताठ लागतं. माझी पहिल्या दोन दिवसांची मापं मी त्यामुळेच खोडली.